पदरावरची तांबूस कडी

"थुंकलाय! ताईंच्या साडीवर पान थुंकलाय!"

केदारखेड्यात सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन सुरू व्हायचं होतं आणि मंडपात हा आरडाओरडा. सप्ताहाचे पुढारी सर्जेराव पांढरी नऊवारी फडकवत उभे होते. पदरावर तांबूस डाग. समोर गुलाम नबी, देवळाच्या गाळ्यात लाँड्री चालवणारा. त्याचं तोंड पानानं लाल झालेलं. गाळ्याला सर्जेरावांनी कुलूपही ठोकलं होतं.

"सांजच्याला सामान उचल. देवाचा गाळा आता आमचा पुतण्या मिथुन चालवील."

"हाकला त्याला!" मागून कोणी ओरडलं.

साडी कीर्तनकार अरुंधतीताईंची. गर्दीतून वाट काढत त्या पुढे आल्या. मोडलेली घडी त्यांनी पुन्हा घातली. चार डाग, सगळे एका मापाचे. मध्ये पांढरं, भोवती कडं, कड्याला कोपरे. वरच्या घडीवर गडद, खालच्या घड्यांवर फिकट. पण नेमके एकाखाली एक.

"नबीभाई, साडी कधी दिली?"

"काल दुपारी, ताई. इस्त्री करून, घडी घालून. सर्जेराव सोता आल्ते ट्रॅक्टरवर."

"ओलसर होती?"

"बिलकुल न्हाई. ओल्या कपड्याला इस्त्री करून घडी कोन घालतं?"

"सर्जेराव, तुम्ही कुठं ठेवली?"

"कुठं म्हंजे? सीधी घरी, कपाटात. कोरडीठाक! सकाळी काढली तं हे असं."

ताईंनी मंडपाबाहेर उभ्या ट्रॅक्टरकडं पाहिलं. "ट्रॅक्टर लई चकाचक दिसून राह्यला."

"काल येता येता धुतला. ताई, तुम्ही कीर्तन करा. चौकशी आमच्यावर सोडा."

"लिंबू आणा. अन् मीठ."

"ताईला सरबत लागतंय!" कोणी खिदळलं.

ताईंनी एका डागावर मीठ चोळलं, लिंबू पिळलं, पदर उन्हात धरला. टाळकऱ्यांना म्हणाल्या, "एक भजन होऊ द्या."

भजन संपलं. डाग जवळजवळ गेला होता.

"पानाचा डाग लिंबाला असा दाद देत नाही. हा लोखंडाचा गंज आहे."

"मंग त्याच्या इस्त्रीचाच!" सर्जेराव उसळले.

"इस्त्री अशी कोपऱ्याकोपऱ्यांची कडी उठवते का? अन् कोणी थुंकलं तर थेंब लहानमोठे उडतात. हे चारही सारखे, सगळ्या घड्यांतून खाली झिरपलेले. म्हणजे डाग पडले घडी घातल्यावर. गंज उतरायला ओल पाहिजे, रातभर वेळ पाहिजे. रातभर साडी कोणाकडं होती? तुमच्याकडं. अन् कपाटात पाणी कुठलं? पाणी ट्रॅक्टरवर पडलं. त्याची हत्याराची पेटी उघडा."

सर्जेराव पेटीसमोर आडवे झाले. "हात लावला तर बघा!"

बायकांच्या बाजूनं त्यांची बायको तुळजाबाई उठली. "उघडा की! कपाटाची किल्ली माझ्या कमरेला हाये. साडी घरात आल्तीच न्हाई."

पेटी उघडली. तळाला अजून पाणी, पाण्यात गंजके नट. ताईंनी एक नट उचलून डागावर ठेवला. कोपऱ्याला कोपरा बसला.



"धूळ लागू नये म्हणून पेटीत टाकली," सर्जेराव पुटपुटले. "अन् विसरलो."

"विसरलात, ते देवानं माफ केलं असतं. पण डाग दिसल्यावर तुम्हाला गाळा दिसला! पुतण्यासाठी गरिबाचं पोट मारायला निघालात, अन् ते देवाचं नाव घेऊन. कुलूप काढा. सगळ्यांदेखत. तोवर मी कीर्तनाला उभी राहणार नाही."

सर्जेरावांनी कुलूप काढलं. एकाचीही त्यांच्याकडं बघायची तयारी नव्हती. मघाशी ओरडणारे तर चपला शोधत होते.

गुलाम नबी आत गेला. सर्जेरावांचे इस्त्री केलेले सदरे घेऊन बाहेर आला आणि त्यांच्या हातात कोंबले.

"तुमचा कपडा आजपासून ह्या गाळ्यात नको."

मग तो ताईंकडं वळला.

"साडी द्या, ताई. तीन डाग राह्यले."