तिसऱ्या वारसाची संमती

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना सल्ल्यापेक्षा ऐकून घेणारं माणूस हवं असतं. नोकरीवरून काढलं, नवऱ्याशी पटत नाही, भावानं वाटणी अडवली. सल्ला चार वाक्यांत संपतो, रडगाणं तासभर चालतं. मी वकील आहे. ऐकते, पण वाहून जात नाही. वाटणीच्या कामात तर माझा शिरस्ताच आहे: जितके वारस तितक्या खुर्च्या, आणि प्रत्येकाला तोंडावर एकच प्रश्न. उद्या कुणी ‘मला विचारलंच नाही’ म्हणून गळा काढायला नको.

त्या दुपारी कारकून म्हणाला, “बाहेर तिघं आहेत,” आणि त्यानं तीन खुर्च्या मांडल्या. आत आले दोघंच, एक गृहस्थ आणि त्यांची धाकटी बहीण. मधली खुर्ची सोडून दोघं दोन टोकांना बसले. भांडलेली भावंडं अशीच बसतात, म्हणून मला काही वाटलं नाही.

बहिणीनं आईच्या आजारपणात नोकरी सोडली होती. आई गेली, आणि आता भावानं राहत्या घराला गिऱ्हाईक आणलं होतं.

“हिला काय मी वाऱ्यावर सोडतोय? निम्मा वाटा देतोय की.”

“त्यात एक खोलीसुद्धा येणार नाही, दादा. मी जाऊ कुठं?”

मी सांगितलं, सगळ्या वारसांच्या संमतीशिवाय अख्खं घर विकता येत नाही. “वारस किती?”

“दोन,” दादा म्हणाला.

“तीन. धाकट्याला धरून,” बहीण म्हणाली.

दादानं कपाळाला हात लावला. “मॅडम, आम्ही दोघंच. लहानपणापासून हिचं हे खूळ आहे. आईनं लाडानं चालवून घेतलं, झालं.”

बहिणीनं मधल्या खुर्चीवर टेकवलेली पर्स तेवढी उचलून मांडीवर घेतली.

मी माझा प्रश्न विचारला. घर विकायला संमती आहे? दादा ‘हो’ म्हणाला, ती ‘नाही’. आणि सवयीनं मी मधल्या खुर्चीकडे वळले.

“तुमचं काय?”

माझी मलाच लाज वाटली. तरी मी थांबले. समोरचा बोलेल म्हणून माणूस थांबतो, तेवढी थांबले. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

“त्याला कमी ऐकू येतं,” दादा म्हणाला. “जरा मोठ्यानं विचारा.”

मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बहीण त्याच्याकडे बघतच राहिली.

डोकं चालेनासं झालं की तोंड आपलं रोजचं काम करतं. अडखळणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला म्हणते तेच मी म्हटलं, मोठ्यानं.

“घाई नाही. विचार होईपर्यंत इथंच बसा.”

दादा उठला. “नाही विकायचं घर,” एवढंच बोलून तो जिना उतरला. बहीण त्याच्यामागून धावली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. दादानं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं. मला बरं वाटलं, पण ती रडत होती.

“घर राहिलं, मॅडम. पण धाकटा त्या दिवसापासून आलाच नाही. तुम्ही त्याला बसा म्हणालात ना? इतकी वर्षं मी त्या घरात एकटी नव्हते हो. आता आहे. त्याला सांगाल का, घरी ये म्हणून?”

काहीतरीच काय, म्हणून मी फोन ठेवायला हवा होता. मी मधल्या खुर्चीकडे बघून निरोप सांगितला. दोनदा सांगितला.

कारकून हल्ली ती खुर्ची कुणाला देत नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

आणि पक्षकार तक्रार करतात, “मॅडम, आम्ही समोरच तर बसलोय. इतक्या मोठ्यानं का बोलता?”