उंटाचं घर

चष्मेवाला आणि त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दोघेही बुद्धिबळात कच्चे लिंबू. सुरुवात येत होती ती एकच, इटालियन: राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. पुढं सगळा अंधार. साडू टेलर. त्याच्या बोटांचा खडू मोहऱ्यांना लागायचा. कामाला मात्र वाघ. खडूची रेघ ओढलेलं कापड कापायचं त्यानं कधी उद्यावर टाकलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी साडू पाणी प्यायला उठला आणि चष्मेवाल्यानं आपला मरू घातलेला उंट तिरका एक घर मागं घेतला.

"उंट तिथं नव्हता, साडूभाऊ."

"नंबर वाढला वाटतं तुमचा. या, तपासून देतो!"

साडू हसला नाही. उठून गेला तो गेलाच. चष्मेवाल्यानं डाव जिंकल्याचं गावभर सांगितलं आणि पट तसाच दुकानातल्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवला. इकडे सख्ख्या बहिणी एकमेकींना पारख्या झाल्या. गेल्या महिन्यात साडू वारला, तेव्हाही धाकटीनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "आधी भावोजींना उंटाचं कबूल करू दे, ताई."

"करा ना हो कबूल," बायको रोज विनवायची. "मला तिला एकदा जवळ घ्यायचंय."

"केलंच नाही, तर कबूल काय करू?"

सोमवारी उंट जुन्या घरात दिसला. रस्त्यावरच्या ट्रकांचा हादरा, दुसरं काय! त्यानं तो पुन्हा एक घर मागं ठेवला. मंगळवारी पुन्हा तेच, वर उंटाच्या डोक्यावर पांढरी भुकटी. बुधवारी त्यानं फ्रेम चिकटवायचा डिंक लावून उंट पक्का बसवला.

गुरुवारी भर दुपारी कुलूप शाबूत होतं. डिंकाचा ठिपका रिकामा होता. उंट पटाबाहेर आडवा पडला होता आणि त्याच्या जुन्या घरात साडूचं काळं प्यादं उभं होतं.

भिंग लावलं. प्याद्यावर खडूत अंगठा उमटला होता.

दुकानात कुणी नव्हतं.

"बरं, सरकवला होता मी," तो पुटपुटला. "झालं समाधान?"

काहीच हललं नाही.

घरी जेवताना बायकोनं पुन्हा विषय काढला. "नुसतं हो म्हणा. आत्ता जाते तिच्याकडे."

"कशाला हो म्हणू? उंट तिथंच होता."

तिनं वर पाहिलं. पाहतच राहिली.

"मानेला काय लागलंय तुमच्या?"

त्यानं आरशात पाहिलं. गळ्यावर खडूची रेघ, या कानापासून त्या कानापर्यंत. साबणानं घासली, कातडी लाल झाली. रेघ तशीच.

बायको मागून फिरून आली.

"पुरती गोल आहे," ती शांतपणे म्हणाली. "आणि किती सरळ. हात त्यांचाच."