एक नंबरचा बिल्ला

दाढ काढून घ्यायला गेलेला माणूस तलवार ओळखून परत येतो, हे ऐकताना तुम्हाला हसू येईल. मलाही आले असते. दिवा जरा इकडे सरकवा, आणि मधे काही विचारू नका. क्रम चुकला की ही गोष्ट मला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रविभागात माझी तीस वर्षे गेली. आलेले शस्त्र तपासायचे आणि त्याच्याखाली लावायची पाटी लिहायची, हे माझे काम. पाटीवर पन्नासच शब्द मावतात. त्यामुळे एकेका शब्दापाशी मी अडून बसतो, आणि ओळखीतले लोक मला ‘शब्दपंडित’ म्हणतात. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणत. त्यांच्या आजोबांनी युद्धातून आणलेली एक जपानी तलवार त्यांच्याकडे होती आणि ती संग्रहालयाला द्यायचे ठरले होते. “तुमची दाढ दुखतेच आहे, तर दोन्ही कामं एकदमच उरकू,” असे त्या फोनवर म्हणाल्या.

मी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजत होते. दवाखान्याचे दार उघडले की वरची घंटा वाजते. आत एक लांब बाक, औषधांचा वास, आणि भिंतीवर बारा खिळ्यांची लाकडी फळी. खिळ्यांना पितळी बिल्ले अडकवलेले असतात. आलेल्याने आपला बिल्ला स्वतः उचलायचा, अशी आजोबांच्या काळापासूनची रीत. पहिला खिळा रिकामा होता, म्हणून मी दोन नंबरचा बिल्ला घेतला.

बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला एक गृहस्थ बसले होते. हनुवटीखालून डोक्यापर्यंत टॉवेल बांधलेला, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. त्यांच्याकडून ओल्या जाड कापडाचा वास येत होता. बाहेर तर लख्ख ऊन होते. दाढ दुखणाऱ्या माणसाला बोलायला लावू नये एवढे मला कळते, म्हणून मी नुसतेच म्हणालो, “तुम्ही आधी जा. मला घाई नाही.” त्यांनी मान किंचित आणखी लववली. हो म्हणाले की नाही, ते कळले नाही.

“दोन नंबर!” आतून हाक आली.

“अहो, एक नंबरवाले बसलेत की.”

डॉक्टरीणबाई दारात आल्या. “एक नंबर आम्ही कुणाला देत नाही, काका. आजोबांचा नियम आहे. अगदीच असह्य होऊन कुणी आलं तर त्याच्यासाठी म्हणून. आणि देऊ म्हटलं तरी तो बिल्लाच नाही आमच्याकडे. मी तर कधी पाहिलासुद्धा नाही.”

मी वळून पाहिले. बाक रिकामा होता. कंटाळून गेले असतील, असे मी मनाशी म्हणालो. घंटा वाजली नव्हती, हे माझ्या ध्यानात आले ते खुर्चीत आडवा झाल्यावर, आणि तोवर माझे तोंड उघडे होते.

दाढ निघाली. ती निघताना मूळ हाडावर घासल्याचा जो आवाज येतो तो कानांना ऐकू येत नाही, कवटीला येतो. तो आवाज लक्षात ठेवा. बाईंनी दाढ स्टीलच्या वाटीत टाकली, हिरडीला दोन टाके घातले आणि खळग्यावर कापसाचा बोळा ठेवला. “अर्धा तास दात आवळून धरा. बोलायचं नाही. शब्दपंडितांना एवढी शिक्षा पुरे.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून वॉकर आपटत त्यांचे वडील आले. वय सत्त्याऐंशी. तेही आयुष्यभर दातांचेच डॉक्टर. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“दात गेला तरी चालेल, हात शाबूत आहे ना? पाटी तुम्हाला लिहायची आहे. मला बघा, माझी कवळी मीच बनवलेली. बसत नाही, पण तक्रार कुणाकडे करू?”

“बाबा, बसा आधी,” बाई म्हणाल्या.

“बसतो गं. ती पाटी डोळ्यांनी वाचली की मी मोकळा. डॉक्टरांनी मला दिवाळखोर ठरवलंय हो, हृदयाच्या बाबतीत. आठवडा म्हणतात, दोन आठवडे म्हणतात.” मग त्यांनी कोपऱ्यातल्या काचकपाटाकडे बोट केले. “आमच्या वडिलांना रुग्णांनी दिलेल्या भेटी. सगळ्या त्या छावणीतल्या.”

कपाटात खिशातले घड्याळ होते, दुर्बीण होती, शिंगाच्या काड्यांचा चष्मा होता, एक बासरी होती. सर्वांत वरच्या फळीवर तलवार.

त्यांनी कहाणी सांगितली. ती त्यांनी आयुष्यात इतक्यांदा सांगितली असावी की शब्दांना गुळगुळीत झिलई चढली होती. युद्ध संपले. शत्रू शरण आला, पण अधिकाऱ्यांच्या तलवारी जमा करण्याचा दिवस अजून ठरला नव्हता. छावणीत दातांचे डॉक्टर एकच, त्यांचे वडील. एका अधिकाऱ्याची दाढ सुजली होती. वडिलांनी ती काढली, आणि त्या माणसाने कृतज्ञतेने डोळ्यांत पाणी आणून आपली तलवार त्यांच्या हाती दिली.

“‘कृतज्ञतापूर्वक भेट’. हे दोन शब्द पाटीवर हवेत. बाकीचे अठ्ठेचाळीस तुमचे.”

मी मान डोलावली. तलवार ठेवायला तेवढे लांब टेबल तिथे नव्हते. बाईंनी रुग्णाच्या खुर्चीवर स्वच्छ कापड अंथरले, तलवार तिच्यावर निजवली आणि वरचा दिवा लावला. मूठ डोके टेकायच्या जागी आली.

म्यान लष्करी होते, पत्र्याचे, तपकिरी रंगाचे. अशी म्याने युद्धकाळात कारखान्यांतून ढिगाने निघाली, आणि बहुतेकांतली पातीही तशीच असतात. हे पाते तसे नव्हते. दिव्याखाली धारेलगत पांढरी लाट उमटली आणि तिच्या आत धुक्यासारखे कण दिसले. पाते शेकडो वर्षांचे होते. त्याला युद्धासाठी फक्त नवे कपडे चढवले होते. अशी तलवार विकत घेतलेली नसते, बापाकडून लेकाकडे आलेली असते. दाढदुखी थांबली म्हणून कुणी ती देऊन टाकत नाही. हे सांगायला मी तोंड उघडू शकत नव्हतो, आणि खरे सांगायचे तर मला ते सोयीचेच वाटले.

कारागिराची सही पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर असते. मूठ एका बांबूच्या खुंटीने अडकवलेली असते. ती खुंटी ठोकून बाहेर काढली की मूठ सरकते. मी भिंग लावले. तिथे बांबू नव्हता. पांढरट, कठीण, गुळगुळीत असे काहीतरी त्या छिद्रात बसवले होते. मी बाईंना खूण केली.

त्या वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

“काका… ही दाताची भरणी आहे.” त्यांचा आवाज खाली आला. “आणि कडा बघा कशा मिटवल्यात. ही आमच्या घरची पद्धत आहे. आजोबांनी बाबांना शिकवली, बाबांनी मला.”

“मला त्यांनी तलवारीला लवंगेचं तेल लावायला शिकवलं,” वडील म्हणाले. “पण मूठ उघडायची नाही, असं बजावलं होतं.”

“का?”

“विचारायची पद्धत नव्हती तेव्हा.”

बाईंनी यंत्र सुरू केले. किडलेल्या दातावर चालते ते, तेच. तो बारीक, चिरका सूर खोलीभर पसरला आणि खुर्चीतल्या कापडावर पांढरी पूड पडू लागली. माझ्या बधिर गालाखाली काहीतरी ठणकले. शेजारच्या खोलीत, म्हणजे बाक असलेल्या खोलीत, कुणीतरी दातांच्या फटीतून श्वास ओढल्यासारखा आवाज झाला. आम्ही तिघांनीही तिकडे पाहिले.

मूठ निघाली. आतल्या भागावरचा गंज काळा, दाट, जुन्या पात्यावर असतो तसा अस्सल होता. सही होती. त्या भागाभोवती एक कागद गुंडाळलेला होता, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. कागद परक्या लिपीतला असेल असे मला वाटले होते. तो आपल्याच भाषेत होता. रुग्णाची नोंद करायचा छापील कागद, वळणदार अक्षर. बाईंनी तो मनातल्या मनात वाचला आणि घडी घालू लागल्या.

“काय आहे गं?”

“काही नाही, बाबा. जुनी पावती.”

“तुझ्या आजोबांनी पावती भरणीखाली पुरली?” म्हाताऱ्याची नजर मुलीवरून माझ्याकडे वळली. “पंडित, तुम्ही सांगा. भेटच ना?”

मी बोळा काढून बोलू शकलो असतो. अर्धा तास होऊन गेला होता. मी दात आवळून धरले.

“वाच,” ते म्हणाले. “मोठ्यानं वाच.”

बाईंनी वाचले. त्यातले अक्षर न् अक्षर मला पाठ आहे.

“रुग्ण क्रमांक १. शरण आलेला अधिकारी. उजवीकडची खालची दाढ, गालावर सूज. पहिला दिवस : तलवार मागितली. नाही म्हणाला. दाढ काढली नाही. दुसरा दिवस : सूज गळ्यापर्यंत. पुन्हा मागितली. नाही म्हणाला. दाढ काढली नाही. तिसरा दिवस : स्वतः येऊन तलवार पायाशी ठेवली. तोंड उघडत नाही. दाढ काढता आली नाही. चौथा दिवस : पहिला नंबर त्याचा राखून ठेवला होता. आला नाही.”

मी म्हाताऱ्यांकडे पाहू शकलो नाही. एका मिनिटात त्यांचे वडील दुसऱ्यांदा मेले होते, आणि ती वेळ मी आणली होती.

“टॉवेल बांधलेला असतो,” अखेर ते म्हणाले. “हनुवटीखालून. पाठ ताठ. हो ना, पंडित?”

मी हे कुणालाही सांगितले नव्हते. मी बोळा काढला. “हो,” म्हणालो. तोंडात रक्ताची चव होती.

“मी शाळेत होतो तेव्हापासून पाहतोय. मला वाटायचं, लाजाळू रुग्ण आहे. हाक मारली की उठून जातो… आम्ही त्याला त्याच्या नंबरानं कधी हाक मारलीच नाही ना. नेहमी दोनपासून.” ते मुलीकडे वळले. आवाज एकदम डॉक्टरचा झाला, दवाखाना चालवलेल्या माणसाचा. “हातमोजे बदल. बोलाव त्याला.”

“बाबा…”

“माणूस दुखणं घेऊन बसलाय. बोलाव.”

मी तलवार उचलून भिंतीशी ठेवली. बाईंनी नवे हातमोजे चढवले. दाराशी गेल्या. बाक रिकामा होता, मला तो स्पष्ट दिसत होता.

“एक नंबर…” त्या म्हणाल्या.

घंटा वाजली नाही. पावले वाजली नाहीत. ओल्या कापडाचा वास मात्र दारातून आत आला, माझ्या अंगावरून गेला आणि खुर्चीपाशी थांबला. मग खुर्चीच्या चामड्याने सुस्कारा टाकला आणि खुर्ची दोन बोटे खाली बसली, भारदस्त माणूस टेकल्यावर बसते तशी.

बाईंनी दिवा खाली ओढला. “तोंड उघडा,” त्या हळू म्हणाल्या. “जमेल तेवढंच. घाई नाही…”

मी भिंतीकडे तोंड केले. बघितले नाही, त्याबद्दल मला भित्रा म्हणा. पण तो आवाज मला ऐकू आला. मुळाचा, हाडावर घासल्याचा. कानांनी नव्हे. थोड्या वेळापूर्वी आला होता तसाच, कवटीला.

वाटीत काहीतरी टणकन पडले.

वळून पाहिले तेव्हा खुर्ची वर आली होती. वाटीत माझी दाढ होती आणि तिच्याशेजारी एक पितळी बिल्ला, हिरवट डाग पडलेला, एक नंबरचा. मी बोट लावले. तो गरम होता, खूप वेळ मुठीत धरलेल्या वस्तूसारखा.

म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. “भेट लिहू नका,” ते म्हणाले. “घेतली, असं लिहा.”

ती पाटी मी त्याच संध्याकाळी लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली. आयुष्यात लिहिलेली सर्वांत लहान पाटी. त्यांनी मान हलवली. चार दिवसांनी ते गेले. झोपेत गेले.

आठव्या दिवशी मी टाके काढायला गेलो. दवाखाना उघडा होता, काचकपाटाच्या वरच्या फळीवर धुळीत तलवारीच्या लांबीची स्वच्छ पट्टी उरली होती. खालच्या फळीवर घड्याळ, दुर्बीण, चष्मा, बासरी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या मनात आले, की त्या कागदावर ‘क्रमांक १’ असे लिहिले होते. असा एकच रुग्ण असेल, तर कुणी क्रमांक घालत नाही.

बिल्ला घ्यायला मी फळीकडे वळलो. एक नंबरचा बिल्ला आपल्या खिळ्यावर होता. त्याच्या शेजारचा खिळा रिकामा होता.

“बाई, दोन नंबर मी त्या दिवशी परत लावला होता. माझ्या हातानं.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मी पाहिलं होतं.” त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती. त्यांनी फळीवरचा एक बिल्ला काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटे त्यावर मिटवली. तीन नंबरचा.

मी बाकावर बसलो. भिंतीकडची जागा सोडून.