दगडाने घासलेली बोटं

"बोट सैल सोडा. मी फिरवते," मी म्हटलं... आणि त्या माणसाने बोट असं ताठ केलं, जणू मी सुईच टोचणार होते.

जुनी शिक्षा रेकॉर्डवरून पुसली जावी म्हणून अर्ज करणाऱ्यांचे ठसे मी घेते. दिवसभर परके हात हातात असतात, त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे, वाटत नव्हतं. हा फरशी बसवणारा होता. विशीत मित्राने चोरलेली मोटरसायकल याने हौसेने चालवली आणि शिक्षा भोगली. पण ती शिक्षा पाठ सोडायलाच तयार नव्हती. भाड्याने घर मिळेना. आता एका शाळेचं मोठं काम चालून आलं होतं, तेही या डागापायी हातचं जाणार होतं.

आणि मशीन त्याचे ठसेच घेईना. सिमेंटने रेषा झिजल्या होत्या. काही दिवस काम बंद ठेवा, तेल चोळा आणि मग या, असं मी सांगितलं. तो आला, गोड हसला... आणि बोटं आधीपेक्षा गुळगुळीत. पुढच्या खेपेलाही तेच. मग मी चिडलेच.

"तेल लावता की नाही, खरं सांगा."

"लावतो की." त्याचे कान लाल झाले. "फक्त इथे येण्याआधी दगडाने घासतो. साबणाने सिमेंट निघत नाही हो. तुम्ही हात हातात घेता... मळका कसा देऊ?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले, म्हणून मशीन पुसत बसले.

"मळकेच आणा," मी म्हटलं. "मला चालतील."

त्याने ऐकलं. ठसे उमटले. त्याचा हात मी जरा उशिराच सोडला. निकाल लागेपर्यंत मात्र कामापलीकडे एक शब्द बोलायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं. घरी आई विचारायची, हल्ली लक्ष कुठे असतं तुझं? मी भाजी चिरत राहायचे.

मग एका दुपारी तो खिडकीशी उभा. शर्टावर शाळेतलं सिमेंट.

"पुसलं गेलं," तो म्हणाला. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसूनच घेतलं.

"मग आता इथे काय काम?"

"काहीच नाही." त्याने हात पुढे केला. मळका, खरखरीत. या वेळी मी एकेक बोट नाही, अख्खा हात धरला.

"आई विचारेल, मुलगा काय करतो."

"फरशी बसवतो म्हणा."

"आणि आधी?"

"तेही सांगा," तो म्हणाला. "आता मला भीती नाही वाटत."

रांगेतल्या बाई खाकरल्या. मी हात सोडला नाही.