कमानीवरचा डाग

"स्टूल नीट धर," असं सृष्टीला सांगून आकाशनं जुन्या दरवाजाच्या कमानीवरच्या काळ्या डागावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्याला काहीतरी बुळबुळीत, हिरवट चिकटलं.

"काजळी अशी नसते," सोनिया म्हणाली.

दिवाळीच्या सुटीत उस्मानपुऱ्यातल्या आणि फुलंब्रीच्या शाळांनी मिळून एक वारसा फेरी आखली होती. पर्यटकांना शहरातले जुने दरवाजे दाखवायचे आणि तिथलंच जेवण खाऊ घालायचं. उस्मानपुऱ्याची सोनिया कमानींची चित्रं काढायची. फुलंब्रीचे आकाश आणि सृष्टी जेवणाची माहिती जमवायचे. फेरी या दरवाजापाशी संपायची, कारण इथं भागूमावशीची चूल होती. तिची येसर आमटी आणि भाकरी खाता खाता तिघांना तिचा लळा लागला होता.

पण दरवाजाची डागडुजी करणाऱ्या बद्रीनाथ ठेकेदारानं भर गर्दीत तिला झापलं, की तुझ्या धुरानंच कमान काळी झाली. मावशी चितेगावला लेकीकडं निघून गेली. चूल गेली, तरी डाग वाढतच होता.

बद्रीनाथ जेवायला गेल्यावर तिघं जिना चढून वर गेली. कामासाठी आणलेली पाण्याची टाकी तिथं ठेवली होती. तिच्या बुडातून पाणी झिरपून दगडांच्या सांध्यात मुरत होतं. सोनियानं टाकीत हळद ओतली. पाणी कुठं उतरतं ते दिसेल आणि कमानीला लागलेला रंग पुढं उन्हानं उडून जाईल, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत कमानीवर पिवळे ओघळ उतरले! मुलांच्या शिक्षिका सरिताबाई डागडुजीच्या कामावरच्या अधिकाऱ्यांना घेऊन आल्या. बद्रीनाथ टाकी हलवायला जिना चढला. साहेबांनी मुलांची पाठ थोपटली आणि भागूमावशीला जागा परत द्यायचं कबूल केलं.

सरिताबाईंबरोबर तिघं चितेगावला गेली. मावशी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कणीक मळत होती. सृष्टीनं एका दमात सगळं सांगितलं. मावशीनं हात धुऊन तिच्यावरून बोटं मोडली.

"लई केलं लेकरांनो. पण म्या नाय येणार आता."

"चूल आम्ही बांधून देतो," आकाश म्हणाला.

"ती म्या माझ्याच हातानं फोडली. तो मला बोलला, तवा किती माणसं माझ्या हातचं जेवत बसली व्हती. एकानंबी ताटावरून मान वर केली नाय. त्यांना परत कसं वाढू?"

फेरीच्या दिवशी पर्यटक आले. सोनियानं कमान समजावून सांगितली. मोठ्यांनी मुलांचं तोंड भरून कौतुक केलं. मग कुणीतरी विचारलं, इथलं जेवण कुठं मिळतं?

सृष्टीनं उत्तर पाठ केलं होतं, पण ती चुलीच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली.

"इथं आमची भागूमावशी जेवू घालायची," आकाश म्हणाला. "तिची काही चूक नव्हती."