चौघांचा फोटो

आईच्या पंच्याहत्तरीला साडी नको, अंगठी नको, फोटोंचं पुस्तक छापून द्यायचं, हे राजश्रीनं दिवाळीतच ठरवलं होतं. रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती स्लाइड तपासायची. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची सवय, त्यामुळे हातात घेतलेलं काम बारकाईनंच व्हायचं. आई राहायची त्या मिऱ्याच्या घरातून तिनं काहीतरी निमित्त सांगून फोटोंचा पत्र्याचा डबा उचलून आणला. आईला पत्ता लागू द्यायचा नव्हता. एकेक फोटो पुसून तिनं मोबाइलवर टिपला आणि पुण्याच्या एका छापखान्याच्या वेबसाइटवर पानं जुळवायला बसली.

तिचे बाबा, रावजी, बोटीवर नोकरीला. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. जपानहून आणलेला कॅमेरा मात्र त्यांनी कायम घरीच ठेवला. त्यामुळे तिच्या आणि धाकट्या संदेशच्या लहानपणाचे जेवढे फोटो होते, तेवढे आळीत कुणाचेच नव्हते. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

प्रत्येक फोटोखाली गाव आणि माणसांची नावं घालायची, आणि बारीक अक्षरांत फोटो कोणी काढला तेही, असं तिच्या मनात होतं. पहिलाच फोटो मुरुडच्या किनाऱ्यावरचा. ‘आई, बाबा, संदेश, मी,’ तिनं लिहिलं. पुढे ‘फोटो’ असं लिहून ती थांबली. मग तिनं डोंबिवलीला संदेशला फोन लावला.

"मुरुडचा फोटो कोणी काढला रे?"

"बाबांनी."

"बाबा फोटोत आहेत."

"मग आईनं."

"आईपण आहे. आपण चौघंही आहोत. आणि किनाऱ्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. तूच रडत होतास ना, कोणी खेळायला नाय म्हणून?"

"टायमर लावला असेल. तुला काय पडलंय एवढं?"

त्या कॅमेऱ्याला टायमर नव्हता. एकच बटण होतं, ते दाबायचं आणि खटका वाजायचा. हे राजश्रीला नीट आठवत होतं. तिनं फोन ठेवला, पाणी प्यायली, खिडकी लावली, पुन्हा उघडली आणि डबा जमिनीवर उपडा केला.

भाट्याच्या सुरूच्या बनातले, गणपतीतले, आंब्याच्या कलमांखालचे, पडवीतले. बाबांनी काढलेले ओळखू यायचे, त्यांत बाबा नसायचे. बाबा बोटीवर असतानाचे फोटोही होते. त्यांत आई होती, संदेश होता, ती स्वतः होती. आईनं जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. शेजारच्या तुळसाकाकीला तर कॅमेऱ्याची भीतीच वाटायची. मग हे फोटो काढत होतं कोण?

उन्हातल्या फोटोंत खालच्या कडेला सावली होती. मुरुडच्या वाळूवर ती आखूड पडलेली होती, दोन्ही कोपर बाहेर काढून कॅमेरा डोळ्यांशी धरलेली. नंतरच्या फोटोंत ती लांबत गेली होती. ऊन कलतं असेल, असं राजश्रीनं स्वतःला सांगितलं. पण मुरुडच्या फोटोत आईची हनुवटी खालून दिसत होती. पुढच्या फोटोंत आईचे डोळे कॅमेऱ्याच्या बरोबर उंचीला आले होते. आणि तिच्या स्वतःच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीच्या फोटोत आईच्या केसांतला भांग वरून दिसत होता. कॅमेरा धरणारं माणूस त्यांच्याबरोबर मोठं होत गेलं होतं.

तिला जास्त बोचलं ते वेगळंच. आई त्या सगळ्या फोटोंत हसत होती. मुलांना जेवायला वाढताना, वेण्या घालताना, शाळेतून आल्यावर दार उघडताना असं हसू तिनं कधी पाहिलं नव्हतं. चौकटीत दोन मुलं आईला बिलगून उभी होती आणि आई समोरच्या कोणाकडे तरी बघत होती.

नंतरच्या दिवसांत तिचं चित्त कशात लागेना. लॅबमध्ये एक स्लाइड तिनं दोनदा तपासली, तरी खात्री वाटेना. शेवटी तिनं साधा मार्ग काढला. ‘फोटो’ हा शब्दच सगळीकडून काढून टाकला आणि प्रत्येक चित्राची खालची कड कातरून सावल्या घालवल्या. पुन्हा पुन्हा पानं उलटून बघितली आणि मगच छपाईला पाठवली.

कुरिअरनं पुस्तक आलं. कागद गुळगुळीत, बांधणी सुरेख. पहिलं पान उघडलं तर मुरुडची वाळू, आणि वाळूवर सावली. पानोपान सावल्या होत्या, एकही कातरलेली नव्हती. तिनं कॉम्प्युटर लावला. तिथल्या पानांवर सावल्या नव्हत्या. छापखान्यात फोन केला, तर तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाठवलेली फाइलच थेट छापलीय आम्ही. मी पुन्हा तपासू का?"

"नको," राजश्री म्हणाली.

वाढदिवसाला संदेश आणि त्याची बायको वेदिका सकाळच्या गाडीनं आले. मिऱ्याच्या घरी दुसऱ्या कोणाला बोलावलं नव्हतं. ओवाळून झालं, खीरपुरीचं जेवण झालं, आणि पडवीतल्या लांब बाकावर सगळे टेकले. राजश्रीनं पुस्तक आईच्या मांडीवर ठेवलं.

आईनं चष्मा लावला. वेदिका बालपणीच्या संदेशला बघून हसायला लागली. आई हसली नाही. ती एकेक पान उलटत होती आणि प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत होती. मुलांच्या चेहऱ्यांवरून नाही, नवऱ्याच्या चेहऱ्यावरूनही नाही. फक्त सावलीवरून.

राजश्रीला राहवेना. "आई, हे फोटो कोणी काढले गो?"

"कोण काढणार? घरातल्याच माणसानं."

"पण घरातले सगळे तर फोटोत आहेत."

आईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"सगळे कुठे?" ती म्हणाली, आणि पान उलटलं.

संदेश खाकरला. वेदिका चहा ठेवते म्हणत उठू लागली, पण आईनं तिला हातानं बसवलं. बाहेर समुद्राचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दुपारी जरा सवड मिळाली. वेदिकानं ओवाळण्याचे फोटो मागितले होते, म्हणून राजश्रीनं मोबाइल उघडला. निरांजन, खीर, आईचा नवा चष्मा. सगळे तिनंच काढलेले.

त्यांच्यानंतर आणखी एक होता.

पडवी. बाक. आई, ती, संदेश, वेदिका. चौघंही त्यात होते. तिचे स्वतःचे दोन्ही हात पुस्तकाच्या कडेवर होते. त्या वेळी मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता.

फोटो वरून घेतलेला होता, उंच माणसानं उभं राहून घ्यावा तसा. तिघांच्या माना पुस्तकात होत्या.

आई वर बघत होती. हसत होती.

तिच्या आणि आईच्या मध्ये बाकावर जागा मोकळी होती. ‘जरा सरक,’ असं कोणीतरी म्हणालं होतं आणि आपण सरकलो होतो, हे राजश्रीला आत्ता आठवलं. आवाज पुरुषाचा होता. संदेशचा नव्हता.

तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

त्या मोकळ्या जागेवर आईचा तळहात पालथा टेकलेला होता. एसटीत आपल्या माणसासाठी जागा धरून ठेवतात, तसा.