पाळण्यापलीकडचे हात

ऐकून कुणी हसलं तर हसू दे. हे माझ्या मुलीच्या बारशाला, घराच्या पुढच्या भरल्या सोप्यात, दिवसाउजेडी घडलंय. गल्लीतल्या सगळ्या बायका साक्षीला आहेत.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गेला मार्गशीर्ष महिना. कागलच्या पुढं, वेदगंगेकाठचं आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण मला इथंच राहायचंय.

गाव फार जुनं. इतकं, की खाली अजून एक गाव आहे. पाया खणला की मणी निघतात, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, हातभर लांब विटा. एकदा शहरातून संशोधक आले. म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठी पेठ होती. गावाला त्याचं काही नाही. गावाचा एकच नियम... निघालेली वस्तू परत मातीत. ज्याचं त्याला.

माझे यजमान, कृष्णात, परसात गोबर गॅसचा खड्डा काढत होते. त्यात निघाला एक काळाभोर, गुळगुळीत वरवंटा.

बारशाला वरवंटा लागतोच. झबलं-टोपडं घालून आधी त्याला पाळण्याखालून द्यायचं, वरून परत घ्यायचं. मग बाळाला. आमच्या वरवंट्याचा टवका उडालेला. म्हणून सासूबाईंनी हा धुऊन घेतला.

"झुंबराक्का, त्यो खालच्या लोकांचा हाय. टाक माघारी," शेजारच्या तानाबाई म्हणाल्या.

"धोंडाच की गं त्यो! तुझ्या म्हाताऱ्याचं नाव कोरलंय व्हय त्याच्यावर?" सासूबाईंनी उडवून लावलं.

बायका खो खो हसल्या.

पाळणा लुगडं गुंडाळून सजवलेला. एका बाजूला मी, पलीकडं तानाबाई. बाकीच्या बायका माझ्या मागं. लुगड्यामुळं पलीकडचं कुणालाच दिसत नव्हतं.

"कुणी गोविंद घ्या..." मी वरवंटा खालून सरकवला. पलीकडच्या हातांनी घेतला.

"कुणी गोपाळ घ्या..."

वरून काही आलंच नाही.

"तानाक्का, द्या की!"

मग आला. गरम होता... मांडीवर झोपलेलं मूल असतं तसा.

मी पोरीला खालून दिलं. पलीकडच्या हातांनी धरलं. बांगड्या वाजल्या... काचेच्या नव्हत्या. जाड, बोदा आवाज.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून तानाबाई ओरडल्या, "आगं थांबा की! घुगऱ्या बघाय आत गेलतो मी!"

सगळ्या बायका दाराकडं वळल्या.

पोरीचा एक पाय अजून माझ्या मुठीत होता.

पलीकडून ओढ लागली. हळू... पण न सुटणारी.

मी बी.ए. झालेली, पण ती सगळी पुस्तकी भाषा गळून पडली. "सोड! माझी हाय ती! सोड, न्हाईतर हात तोडून ठेवीन!"

दुसऱ्या हातानं मी लुगडं टराटरा ओढून काढलं.

पलीकडं कुणी नव्हतं.

पोर जमिनीवर पडलेली. रडत नव्हती. वर बघत होती... कुणाच्या तरी तोंडाकडं बघावं तशी.

आणि सारवून खडखडीत वाळलेल्या जमिनीत दोन गुडघे रुतल्याचे ठसे.

सासूबाई म्हणाल्या, "आज नाव नगं ठेवाय. त्यांनी ऐकलं तर हाका मारत्यात. लपवून ठिऊ."

"लपवू? माझी पोर काय चोरीची हाय?"

कृष्णातांनी वरवंटा खड्ड्यात टाकला होता, वर माती लोटत होते. मी पोरीला घेऊन काठावर उभी राहिले. ओरडले, "हिचं नाव मंजिरी! आई मी! तुमचं गाव असंल जुनं, पर आता हितं चूल माझी पेटती!"

कृष्णातांनी खड्डा पुरता बुजवला.

सासूबाई म्हणतात, थोडे दिवस माहेरी जा. मी जात नाही. घर माझं आहे.

मंजिरी आता आठ महिन्यांची आहे. दुपारी पाळण्यात जागी झाली की दोन्ही हात वर करते, उचलून घे म्हणून. माझ्याकडं नाही... पलीकडच्या बाजूला. दर वेळी मीच आधी उचलते. मोठ्यानं नाव घेते.

काल उचलायला वाकले, तर तिनं हुंकार दिला. नावानं हाक मारली की देते, तसा.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

मग उघडलं. अख्खी गल्ली गोळा होईल इतक्या मोठ्यानं.